सोनेरी स्टिकरची डबी

आणि तो पोट्टा शेवटी समोरच्या दुकानात गेलाच ना, बाबा? तुम्ही त्याला परत पाठवला म्हणून काय त्याचा चेहरा वाचला? ब्लीच त्यांनी लावलं, लग्नात मिरवला तो, आणि आपण बाप-लेक भर बाजाराच्या दिवशी रिकाम्या खुर्चीकडे पाहत बसलो. हेच मी तेव्हा बोललो होतो. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, तरी माझ्या डोक्यात ते भांडण जिथं थांबलं तिथून पुन्हा सुरू होतं. चौदा-पंधरा वर्षांचा असेल तो. मामाचं लग्न होतं म्हणून घाटंजीच्या बाजाराला आईसोबत आलता, आई भाजी घेत होती आणि हा गालभर, कपाळभर पुटकुळ्या घेऊन आपल्या दुकानात. तुम्ही त्याला बसवलं, हनुवटीखाली एक बोट लावून तोंड उजेडाकडे वळवलं. "साबण कोणतं लावतं बे तोंडाले?" तो म्हणाला, "कपड्याचं." "काहून?" "फेस मस्त येते त्याले." तुम्ही हसलात. मग म्हणालात, "ब्लीच नाही लावत मी तुले. वस्तराबी नाही. मिशीची लव कैचीनं उतरवून देतो, त्याचं काही देऊ नोको." उठून त्यानं आरशात पाहिलं, काहीच बदललेलं नव्हतं, तोंड एवढंसं करून तो गेला. मी म्हटलं, गिऱ्हाईक हाकलून देता का? तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाईक नाही, लेकरू हाय ते." मी म्हटलं, "समोरचा काय कुत्र्याले ब्लीच लावते का? तोबी लेकरालेच लावते!" तुम्ही कैची पुसत म्हणालात, "मंग जा तिकडं, त्याच्या दुकानात." तिकडं नाही गेलो, पण दोन महिन्यांत नागपूरला गेलो, आणि तुमच्याशी त्यानंतर जे काही बोललो ते फोनवर, अर्धं-मुर्धं. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. तेव्हा माझी धाकटी बहीण तीन वर्षांची होती. तिला तुमचा चेहरा फोटोतलाच माहीत.

कारण सांगायची तुम्हाला सवयच नव्हती, हे माझं खरं दुखणं आहे. हे कर, ते नको करू, एवढंच. वयात येणारी पोरं खुर्चीत बसली की तुम्ही वस्तरा बाजूला ठेवायचे. त्यांच्यासाठी वेगळा टॉवेल, तो आई रोज उकळत्या पाण्यात टाकायची. मोठ्या माणसाची दाढी झाली की तुरटीचा खडा फिरवायचे, पोरांना मात्र नाही. पोरं तर हट्टानं तुरटी मागायची, कारण ती चरचरते, आणि आपल्याकडे सगळ्यांनाच वाटतं की जे चरचरतं तेच लागू पडतं. तुम्ही त्यांच्या कपाळावरचे तेलात भिजलेले केस मागं घ्यायचे आणि बाहेर उभ्या असलेल्या आईला ओरडून सांगायचे, "बाई, तेल केसाले लावत जा, कपाळाले कायले पाजता?" ती बाई हसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच तेल. एवढं बोलून तुम्ही काय मिळवलं, असं मला वाटायचं. खुर्चीतून उठायच्या आधी माणसाला आरशात फरक दिसला पाहिजे, हा आपल्या धंद्याचा नियम. केस कापले, दिसले. दाढी केली, दिसली. तुमची ही पोरं मात्र उठायची तशीच उठायची. फरक पडलाच तर तो दोन महिन्यांनी, रस्त्यात कुठंतरी, आणि तेव्हा त्याचं श्रेय तुम्हाला कोण देणार होतं?

माझ्याच तोंडाचं तुम्ही केलं ते मी विसरलो असं समजू नका. मी तेरा वर्षांचा आहे, शाळेत मन लागत नाही, दुपारी तुम्ही जेवायला घरी गेलात की दुकान माझ्याकडं असतं. मी आरशासमोर उभा आहे. आधी नखानं तीन फोडून झाल्या आहेत. मग लिंबाची फोड, त्यावर दातांची पेस्ट, आणि एवढ्यानं भागलं नाही म्हणून तुरटीचा खडा मी गालावर असा रगडतो आहे की डोळ्यांतून पाणी चाललं आहे आणि मला आनंद होतो आहे, कारण आग होते आहे म्हणजे काम होतं आहे. तुम्ही दारात. "काय करून राह्यला बे? तोंड हाय का भाताचा गंज, घासून राह्यला ते?" टाळक्यात एक बसली. मग तुम्ही मला मागच्या मोरीवर नेलं, मगानं पाणी घेतलं आणि आंघोळीच्या साध्या साबणाचा फेस हातावर करून माझं तोंड धुतलं. वस्तरा धरून कडक झालेली तुमची बोटं, पण लावली ती फक्त पुढच्या मऊ भागानं, दोनच बोटं, जणू ओल्या कागदावर फिरताहेत. पुसलं नाही, टॉवेल नुसता टेकवला. त्यानंतर दोन महिने सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, तुम्ही स्वतः. मी रोज विचारायचो, "आज कमी झाले का?" एक दिवस तुम्ही वैतागून घरातला आरसाच उचलून दुकानात नेला. शेंगदाणे बंद केले, ते मात्र तुमचं चुकलं होतं, बाबा. शेंगदाण्याचा काही संबंध नव्हता, हे मला आत्ता कळलं. पण पुटकुळ्या बसल्या. आणि मी काय केलं माहीत आहे? मित्रांना सांगत फिरलो की आमच्या बापाचा हात एवढा आखडता की पोराला एक क्रीमची ट्यूब आणवत नाही. हे तुमच्या कानावर आलं होतं का, ते मी कधी विचारलं नाही.

नागपूरनंतर पुणे, पुण्यानंतर सुरत, एका जागी माझा पाय टिकत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. आता चार वर्षं हैदराबादला आहे. मोठं सलून, आठ खुर्च्या, थंड हवा, काचेचं दार. इथं केसांपेक्षा चेहऱ्याचं काम जास्त. काउंटरवर सोनेरी स्टिकरच्या छोट्या डब्या असतात. स्टिकरवर फक्त एक चमकता तारा, आत काय आहे ते लिहिलेलं नाही, कारण ती क्रीम कुठून येत नाही, आमच्याच मागच्या खोलीत बनते. मालक मेडिकलमधून ट्यूबा आणतो. तीन ट्यूबा, थोडं ब्लीच, बाकी साधी क्रीम, वासाला गुलाबपाणी, मग सगळं चमच्यानं फेटायचं आणि डब्यांत भरायचं. फेटायचं काम माझं, माझा हात चांगला म्हणून. पहिल्या वेळी मी विचारलं, हे कशाचं औषध आहे? मालक म्हणाला, "तेरे को डॉक्टर बनना है क्या? चम्मच चला." गंमत अशी की ती लागू पडते. ज्याच्या तोंडावर लाल फोड आहेत त्यानं लावली की चार दिवसांत लाली जाते, आठ दिवसांत चेहरा दिव्यासारखा. लोक दारातून हसत येतात. मला वाटायचं, पाहा बाबा, याला म्हणतात काम. तुम्ही दोन महिने मोरीवर मग घेऊन उभे राहायचे, आम्ही चार दिवसांत देतो.

गेल्या पावसाळ्यात धाकटीचा फोन आला. ती आता आठवीत आहे, तेरा वर्षांची, आणि आपल्या घराण्याचं तोंड तिच्याही वाट्याला आलं आहे. आईच्या फोनवरून बोलत होती, आई शेजारी नव्हती म्हणून. "दादा, तू तोंडाचंच काम करतं ना रे?" मी म्हटलं, हो. तर म्हणते, "वर्गातल्या पोरी मले पांढरकवडा रोड म्हणतात. म्हणे, गड्डेच गड्डे. काल सरांनं पंधरा ऑगस्टच्या नाचात मले मागच्या लाइनीत टाकलं." मी हसलो, बाबा. नाव चांगलंच ठेवलं होतं, त्या रोडनं मी किती वेळा हाडं खिळखिळी करून घेतली आहेत. ती रडायला लागली तेव्हा थांबलो. म्हटलं, "थांब, तुह्या दादाजवळ असं औषध हाय का सगळ्याइले पुढून पाहा लागन." दुसऱ्याच दिवशी डबी नागपूरच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं दिली, ती पांढरकवड्याला उतरली, आई एसटीनं जाऊन घेऊन आली. दिवसातून दोनदा लावजो म्हणून मीच सांगितलं. लेकराच्या तोंडाला किती, किती दिवस, असलं काही माझ्या मनात आलं नाही. मोठ्यांना सांगतो तेच सांगितलं.

आठ दिवसांनी आईचा फोन. आई तुमच्यामागं त्याच शाळेत खिचडी शिजवायला लागली, त्यामुळं तिला सगळं दिसतं. "काय रे पाठवलं तू? पोट्टीचं तोंड पाह्य, कसं उजळलं! मॅडम विचारून राह्यल्या कोणती क्रीम हाय म्हणून." पंधरा ऑगस्टला धाकटी पुढच्या लाइनीत नाचली. आईनं व्हिडिओ पाठवला, तो मी सलूनमधल्या पोरांना दाखवला, ही माझी बहीण, ही आपली क्रीम. त्या दिवशी मी तुमच्याशी मनातल्या मनात बोललो, आणि चांगलं बोललो नाही. म्हटलं, तुम्ही असते तर अजून मोरीवर तोंडच धूत बसले असते.

डबी संपली आणि दहा-बारा दिवसांत सगळं परत आलं, दुपटीनं. धाकटी म्हणाली, "दादा, आग होते. उन्हात गेलं की तोंड भाजल्यासारखं होते. पहिली लावली का थंड वाटत होतं, तसी अजून पाठव ना." आता इथं मी थांबून लिहितो, कारण इथपर्यंत मी मूर्ख होतो असं म्हणता येईल, इथून पुढं नाही. आमच्याकडं हेच रोज घडतं. डबी संपली की माणूस लाल तोंड घेऊन परत येतो, "भाई, वो क्रीम दे दो, छोड़ा तो सब निकल आया." मालक त्याला दोन डब्या देतो. एक बाई होती, तिच्या गालावर पुरुषासारखी लव आली, कातडी इतकी पातळ की आतल्या लाल शिरा दिसायच्या. तीही दोन डब्या घेऊन गेली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि तेरा वर्षांच्या माझ्या बहिणीनं तेच शब्द फोनवर म्हटले, तेव्हा मी काय केलं? दोन डब्या पाठवल्या. त्यानंतर अजून दोन.

दिवाळीनंतर एका दुपारी व्हिडिओ कॉल लागला तर तिनं ओढणी डोळ्यांपर्यंत बांधली होती. म्हटलं, काढ. "नाही." काढ म्हटलं ना. तिनं काढली. मिरचीचं वाटण फासल्यासारखं तोंड, बाबा, आणि त्यात पिवळ्या टोकाचे बारीक बारीक दाणे, ओठांच्या भोवती, नाकाच्या बाजूनं, आणि गालावर लव. ती म्हणाली, "पाहून घेतलं? आता ठेव." तीन आठवडे ती शाळेत गेली नव्हती. आई चुलीजवळूनच बोलत होती, "उष्णता असन, नाहीतर कोणाची नजर. तू पाठवलेलं संपलं तवापासून बिघडलं पाह्य. ते होतं तोपर्यंत कसं मस्त होतं." ऐकताय ना? आईच्या हिशोबी माझी डबी हा उपाय होता आणि ती संपणं हा रोग. मी तिला खरं सांगू शकलो असतो. मी म्हटलं, यवतमाळला मोठ्या दवाखान्यात ने. आणि आईनं फोन धाकटीकडं दिला तेव्हा हळूच तिला म्हटलं, "डॉक्टरले डबीचं सांगू नोको. मालकावर केस होईन, मह्यं काम जाईन." तिनं एवढंच विचारलं, "मंग काय सांगू?" मी म्हटलं, "काहीच लावत नाही म्हण."

ती गेली आणि तसंच म्हणाली. डॉक्टरीणबाईनं तिचा गाल भिंगातून पाहिला आणि विचारलं, कोणती क्रीम लावतेस? काहीच नाही. पार्लरमधली? नाही. मैत्रिणीची? नाही. बाई म्हणाल्या, खरं सांगितलं नाहीस तर मी आंधळ्यासारखं औषध देईन, पुढच्या वेळी जे लावलं ते घेऊन ये. संध्याकाळी धाकटीचा फोन आला. आवाज खुशीत. "दादा, तीनदा विचारलं तिनं. मी नाही सांगतलं." तिला वाटलं मी शाबासकी देईन. एवढं तोंड जळत असताना ते लेकरू माझं काम सांभाळत होतं, बाबा. मी शाबासकी दिली नाही. पण खरं सांग असंही त्या दिवशी म्हटलं नाही. आठ दिवस गेले. रोज मागच्या खोलीत चमचा हातात घेतला की मला तिचा तो खुशीतला आवाज ऐकू यायचा. नवव्या दिवशी मी कचऱ्यातून रिकामी ट्यूब उचलून खिशात घातली आणि फोन करून म्हटलं, उद्या डबी घेऊन जा. "अन् तुह्यं काम?" म्हटलं, तू डबी घेऊन जा, आणि तिथं गेल्यावर मला फोन लाव.

तिनं लावला. डॉक्टरीणबाईनं फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर केला, म्हणजे आईलाही ऐकू जात होतं. "डबीत काय आहे?" मी सांगितलं, ट्यूब, ब्लीच, साधी क्रीम. "ट्यूबचं नाव वाचा." मी एकेक अक्षर लावून वाचलं. "ही स्टेरॉईडची ट्यूब आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. आणि चेहऱ्यावर, तेही लेकराच्या? किती दिवस लावली?" मी म्हटलं, चार-पाच महिने. "तुम्ही काय करता?" "सलूनमध्ये आहे, मॅडम." "मग याच्यानं काय होतं ते तुम्हाला माहीत नव्हतं?" मी म्हटलं, "नाही मॅडम. माहीत नव्हतं." त्या रागावल्या नाहीत, हेच जड गेलं. ही क्रीम सुटल्यावर तोंड कसं सांभाळायचं ते मी सांगते, मनानं काही करू नका, आधी अजून बिघडल्यासारखं दिसेल, घाबरायचं नाही, असं त्या आईला समजावत होत्या. आणि मग म्हणाल्या, सुरुवातीला हिला जे होतं ते या वयात निम्म्या पोरांना होतं. सौम्य साबणानं दोनदा तोंड धुतलं असतं आणि मेडिकलमधली साधी ट्यूब लावली असती तरी दोन-तीन महिन्यांत बरंच बसलं असतं. दोन-तीन महिने, बाबा. मी फोन कानाला धरून रस्त्याच्या कडेला उभा, आणि पलीकडं त्या बाई तुमचंच बोलत होत्या. घासू नका, नुसती बोटं फिरवा. फोडू नका. टॉवेल वेगळा. तेल कपाळावर येऊ देऊ नका. चरचरलं म्हणजे चांगलं असं समजू नका. आईनं विचारलं, "शेंगदाणे चालतात का जी?" त्या म्हणाल्या, खुशाल खाऊ द्या. फरक एवढाच की असं का ते तुम्ही सांगितलं नसतं, आणि त्यांनी प्रत्येक गोष्टीचं कारण सांगितलं.

आता तिचं असं चाललं आहे. सकाळी न चरचरणाऱ्या, बिनवासाच्या फेसवॉशनं तोंड, गार पाण्यानं. मग तेलकट नसलेली साधी क्रीम, आणि घराबाहेर पडायच्या आधी उन्हाची क्रीम, शिवाय ओढणी. संध्याकाळी पुन्हा तोंड. पहिले दोन महिने एवढंच आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं, फोडांची ट्यूब सुद्धा नाही, आधी कातडी शांत होऊ दे म्हणाल्या. आता ती ट्यूब सुरू झाली आहे, बेन्झॉईल काहीतरी, सगळ्यात कमी पावरची, चिठ्ठी लागत नाही. एक दिवसाआड, साऱ्या तोंडाला मिळून हरभऱ्याच्या दाण्याएवढी. त्यावरून घरात महाभारत झालं. आईनं उशीची खोळ धुवायला काढली तर तिच्यावर पांढरे डाग, रंगच उडालेला. "हे ॲसिड हाय काय व? खोळीचा रंग उडाला, तोंडाचं काय होईन?" धाकटी म्हणाली, "आई, तोंडाले काय रंगारीनं रंगवलं हाय का उडाले? मॅडमनं सांगतलं होतं, कपड्याले लागलं का उडते म्हणून. पांढरी खोळ घाल." ती अशी उलट बोलली हे मला आईनं तक्रार म्हणून सांगितलं आणि मला बरं वाटलं. मागच्या सोमवारपासून ती शाळेत जाते. लाली आहे अजून. गालावरची लव कधी जाईल ते बाईही नक्की सांगत नाहीत, पातळ झालेली कातडी तर पूर्ण पहिल्यासारखी होईलच असंही म्हणत नाहीत. पोरी आता रोड म्हणत नाहीत, कारण आता हसण्यासारखं राहिलं नाही. तिला आता हसलं तर चालेल, असं ती म्हणते. गप्प पाहतात ते नाही चालत.

मी अजून त्याच सलूनमध्ये आहे. दुसरीकडं काम विचारून राहिलो आहे. डब्या भरायचं मी सोडलं, पण मालकाला कारण सांगितलं हाताला खाज येते म्हणून. आता दुसरा पोरगा चमचा चालवतो आणि काउंटरवर डब्या असतातच. मी काही बोलत नाही. तुम्ही एका पोट्ट्याला खुर्चीतून उठवलं होतं, त्यावरून मी दहा वर्षं तुमच्याशी भांडलो, आणि माझ्यानं आठ खुर्च्यांतल्या एकालाही उठवलं जात नाही.

इकडं मंगळवारी दुकानं बंद असतात म्हणून हे लिहायला बसलो, सकाळपासून तिसरा कागद आहे. हे कुठं पोस्टात टाकायचं आहे, माझ्या पेटीतच ठेवीन. आईला दाखवायची हिंमत नाही. त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर आल्यावर तिनं मला फोन केला आणि म्हणाली, "तू मनाले लावून घेऊ नोको रे. तुले कुठं माहीत होतं? तू तर बहिणीच्या चांगल्यासाठीच पाठवलं." मी हो म्हटलं. धाकटी मागून ओरडली, "दादाले म्हणा, मी चिडली नाही त्याच्यावर." डॉक्टरांना मी जे सांगितलं, माहीत नव्हतं म्हणून, तेच दोघींनी धरून ठेवलं आहे आणि मी ते सोडवून घेत नाही. तुम्हाला सांगतो. चार वर्षं ती क्रीम मी फेटली, शेकड्यानं डब्या भरल्या, हातात सदा तीच, आणि फुकट होती मला. दाढीनंतर माझ्याही तोंडावर फोड येतात. मी ती स्वतःच्या तोंडाला एकदाही लावली नाही, बाबा. आमच्या सलूनमधला कोणीच लावत नाही.

उद्या आईच्या खात्यात टाकतो आहे, फेसवॉश, उन्हाची क्रीम, ट्यूब आणि दोघींच्या यवतमाळच्या येण्याजाण्याचे: एक हजार तीनशे साठ रुपये.